चेंडू पुसायला उभी केलेली

माझी सून रग्बी खेळते म्हटलं की लोक आधी हसतात. "म्हणजे ते धक्काबुक्कीचं?" हो बाई, तेच. लग्न होऊन घरात आली तेव्हाच तिचा डावा कान चुरगळलेला होता. मी मुलाला म्हटलं, अरे, कान तरी बघायचास. तो म्हणाला, आई, कान बघूनच होकार दिला.

आम्ही दोघी एकाच हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतल्या. मी निवृत्त झाले, ती अजून आहे. मशीनमधून ओल्या चादरींचा गोळा ओढून काढायचा म्हणजे खांदे लागतात, तिथे नाजूकपणाचं काम नाही. सकाळी मैदान, मग लॉन्ड्री, संध्याकाळी मागच्या अंगणात मी. मला स्टुलावर चढवायची, हातात कपडे वाळत घालायची काठी द्यायची आणि लांबून चेंडू फेकून काठीचं टोक उडवायची. एकदाच माझ्या कपाळावर बसला. तेव्हाही काठी मीच हलवली, असं तिचं म्हणणं.

ही फेक म्हणजे तिचं खरं काम. चेंडू मैदानाबाहेर गेला की दोन्ही संघ रांगा लावून उभे राहतात. ही रेषेवर उभी राहून डोक्यावरून चेंडू आत टाकते आणि आपल्यातली एक पोरगी बाकीच्यांनी वर उचललेली असते, ती तो हवेतच झेलते. रांगेतली पुढची उडी मारणार, मधली की मागची, हे समोरच्यांना कळू नये म्हणून खुणेचा शब्द ठरवतात. हिचे शब्द लॉन्ड्रीतले. चादर म्हणजे पुढची, अभ्रा म्हणजे मधली, टॉवेल म्हणजे मागची. हसा, पण त्या पोरी झोपेतसुद्धा विसरणार नाहीत.

गेल्या वर्षी राष्ट्रीय संघाचं शिबिर लागलं. हिच्याच जागेवर खेळणारी दुसरी एक आहे, तिला पेपरवाले वाघीण म्हणतात. असेल. चार वर्षांपूर्वी होतीच, मी स्वतः टाळ्या वाजवल्यात. पण आता तिचा खांदा गेलाय, हात कानाच्या वर जेमतेमच जातो. शिबिरभर ती खुर्चीत बसून होती. निवड समितीचे साहेब म्हणायचे, तिला काय बघायचं, तिचं माहीतच आहे. रोजच्या सगळ्या फेकी माझ्या सुनेने टाकल्या. पोरी तिच्या शब्दावर उड्या मारायला शिकल्या.

आणि संघ जाहीर झाला तेव्हा वाघीण आत, माझी सून राखीव.

मी गेले साहेबांकडे. सून नको म्हणत होती, पण माझं डोकं फिरलं होतं. साहेब गोड बोलले. "आजी, अनुभवाला मोल असतं. समोरचा संघ नाव ऐकूनच दबकतो."

"साहेब, चेंडूला नाव वाचता येतं का?"

"पुढच्या वेळी नक्की विचार करू."

"ती चौतिसाची झाली. पुढची वेळ तुमच्या घरी येत असेल, आमच्याकडे नाही येत."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. नाव मोठं लक्षण खोटं, हे शेवटी मी दारातून बाहेर पडताना म्हटलं, आणि शिपायाने मान हलवली. माझ्या सुनेची एकच इच्छा होती, एकदा देशाचा शर्ट घालून मैदानात उतरायचं. ती काही विश्वचषक मागत नव्हती.

सामना आमच्याच शहरात होता. मी आणि मुलगा जाऊन बसलो. पहिल्याच रांगेला वाघिणीने आपले जुने खुणेचे आकडे पुकारले. पोरी गोंधळल्या. शिबिरभर चादर, अभ्रा करत आलेल्या, त्यांना आयत्या वेळी आकडे कुठून आठवणार? मागची वर गेली, चेंडू पुढेच पडला. दुसऱ्यांदा दोघींना उचललं आणि चेंडू तिसरीकडे. समोरच्या संघाने फुकट घेतला. लोक हळहळले, पण वाघिणीला कुणी काही म्हणेना. सगळे पोरींना शिव्या घालत होते.

मध्यंतरात कोच माझ्या सुनेकडे गेले. मला वाटलं, आली अक्कल. मी उठून उभी राहिले. तर तिच्या अंगावर पाणी देणारीचं जाळीदार जाकीट चढवलेलं. हातात बाटल्या आणि टॉवेल. वाघीण फेक टाकायला रेषेवर आली की हिने मागे जाऊन चेंडू पुसून द्यायचा, कुठे टाकायचा ते तिच्या कानात सांगायचं आणि पोरींना शब्द ओरडायचा. म्हणजे डोकं हिचं, आवाज हिचा, शर्ट तिचा. मुलगा म्हणाला, आई, बस खाली. कशी बसणार?

आणि ते चाललं हो. वाघिणीची फेक जेमतेम पुढच्या पोरीपर्यंत पोचत होती, म्हणून ही दर वेळी चादरच ओरडायची. आम्ही बरोबरीत आलो.

शेवटी समोरच्यांच्या गोलरेषेजवळ आमची फेक आली. हिने चेंडू पुसला, दिला. त्या क्षणी मी मनात म्हटलं, ओरडू नकोस बये. आज गप्प राहा. एकदा कळू दे सगळ्यांना तुझ्यावाचून काय होतं ते. ती खरंच थांबली. पोरींनी सवयीने पुढचीला आधीच वर उचललं होतं, वाघीण वळून तिच्याकडे बघत राहिली.

"चादर," माझी सून ओरडली.

पोरीने चेंडू झेलला, गोलरेषेपलीकडे टेकवला आणि जिंकलो आम्ही. सगळ्या वाघिणीवर जाऊन पडल्या, फोटो निघाले. माझी सून वाकून रिकाम्या बाटल्या गोळा करत होती.

घरी आल्यावर मी विचारलं, का ओरडलीस? ती म्हणाली, "आई, गप्प राहायचं ठरवलं होतं. पण वर उचललेली पोरगी माझ्याकडे बघत होती. हवेत लटकलेल्या पोरीला मी कसं सोडू?"

तिचं खरं होतं, आणि त्याचाही मला राग आला.

मग महिन्याभराने साहेबांचा फोन. पुढच्या दौऱ्यावर तिला न्यायचं होतं. मी फोन तिच्या हातात दिला. ती ऐकत राहिली. म्हणाली, "पाणी द्यायला? नाही साहेब. चाचणी घ्या. आम्हा दोघींना शेजारी उभं करा, तिने टाकावं आणि मी टाकावं. कमी पडले तर बाटल्या आनंदाने उचलीन."

"तिची चाचणी?" साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला. "तिची?"

ते हसले आणि फोन बंद केला. तो संघ दौऱ्यावर गेला आणि सपाटून मार खाऊन आला. लोक मला विचारतात, आता तरी बरं वाटलं ना? कसलं बरं वाटणार? पोरी हरल्या, आणि ही इथे चादरी धूत होती.