मासेवालीने पोचवलेला निरोप

मुलांनो, तुमच्या शाळेची प्रत्येक सूचना आईच्या फोनवर येते, असं तुम्ही परवा सांगितलंत, म्हणून आमच्या शाळेचा फोन कसा होता ते आजच लिहून ठेवते.

साठच्या दशकात मी पालघरजवळच्या एका हायस्कुलात शिकवत होते. आमचा फोन म्हणजे दातिवऱ्याची एक मासेवाली. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती रोज शाळेच्या फाटकाशी टोपली उतरवी, कमरेवर हात ठेवी आणि विचारी, "बाय, आज काय सांगू गावात?"

त्या वर्षी मुलींची आठवी सुरू व्हायची होती, पण पालकांनी सभेला येऊन होकार दिला तरच. आधीच्या सभांना कोणी फिरकलं नव्हतं आणि ही शेवटची होती. मी तिला शुद्ध मराठीत निरोप पढवला, "कृपया उपस्थित राहावे."

सभेला अख्खा कोळीवाडा आला, तोही तावातावाने. एक म्हातारी हेडमास्तरांवर बोट रोखून म्हणाली, "आमाला काय कळत नाय, असा बोललास तू?" हेडमास्तर खुर्चीमागे सरकले.

मी मासेवालीकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "कृपया बोलले तर कोन येते, बाय? भांडायला सगले येतात."

आपल्याला कळतं, हे दाखवायला मग प्रत्येकाने मुलीला आठवीत घालायला जागच्या जागी होकार दिला.

ती आठवी अजून चालू आहे. पालकसभाही भरते, आणि लोक अजून भांडतच येतात.