प्लंबरच्या तोंडून भुताची गोष्ट

टेलरवहिनींचा नवरा प्लंबर; सगळे त्याला भाऊ म्हणतात. गुडघाभर काळ्या पाण्यात बिनधास्त उतरेल, पण भुताचं नाव काढलं की यानं रामरक्षा सुरू केलीच! आणि बायको अशी, की नव्या संसारात तिनं हौसेनं विकत घेतलं काय, तर एक गाजलेली भयकादंबरी. तिच्या शेवटी हवेलीच्या तळघरात मोलकरीण कोंडली जाते आणि पुस्तक संपतं. ‘पोरीला आत ठेवून लेखक खुशाल निघून गेला मेला!’ हे वहिनींनी मापं घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलंय.

आता एका नव्या लेखकानं त्या कादंबरीचा पुढचा भाग लिहिला. वाचनालयात वहिनींचा नंबर लागला, आणि नेमकं तेव्हाच मोतीबिंदूचं ऑपरेशन! सुई बंद, वाचन बंद. पुस्तक शनिवारी परत द्यायचं. मागे नंबर लावलेल्यांची ही रांग.

“अहो, तुम्हीच वाचा.”

“मी? अगं, मला बीपी आहे.”

“बीपी आहे, पण डोळे आहेत ना धड?”

मग भर दुपारी, खिडक्या सताड उघडून, वर दिवे लावून वाचन सुरू झालं. भीतीचं पान आलं की भाऊ ते गुपचूप उलटायचे आणि मधला मजकूर पदरचा घालायचे. दोन दिवस खपलं. शुक्रवारी मात्र घोटाळा झाला.

“तळघरात टपटप आवाज आला. मोलकरणीनं पाहिलं, तर अर्ध्या इंचाच्या नळाचा वॉशर गेलेला. तिनं तो बदलला आणि सगळे जेवायला बसले.”

वहिनी ताडकन उठून बसल्या. “भुताच्या हवेलीत वॉशर कुठून आला हो?”

“नवा लेखक आहे. आधुनिक.”

“मग नळाच्या आट्यांवर टेपही गुंडाळली असेल.”

“गुंडाळावीच लागते!” भाऊ बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

वहिनी डोळा सांभाळत खूप हसल्या. मग आवाज उतरला. “तुम्ही रात्रपाळीला असायचात, मी नव्या घरात एकटी. तेव्हा त्या पोरीचीच सोबत होती मला. ती सुटली की मेली, जे असेल ते खरं सांगा. उद्या पुस्तक जाईल.”

भाऊंनी पानं मागे उलटली. या खेपेला शब्दन् शब्द वाचला. आवाज कापरा, कपाळावर घाम. भिंतीपलीकडे कान लावून बसलेल्यांच्याही अंगावर काटा आला. कोण बसलं होतं ते विचारू नये.

“...दार उघडलं. ती बाहेर आली. केस पांढरे झाले होते, पण आली.”

“आली?”

“तुझी शपथ! माझं नाही हे, छापलेलंय.”

वहिनींनी चाचपडत त्यांचा घामेजलेला हात धरला. “एवढे घाबरता, तरी वाचलंत माझ्यासाठी. कसे फेडू हो तुमचे उपकार?”

“ते राहू दे,” भाऊ हळूच म्हणाले, “आधी बाथरूमपर्यंत सोबत ये.”

आणि टळटळीत उन्हात, एका डोळ्यावर झाकण लावलेल्या वहिनी त्यांना हाताला धरून घेऊन गेल्या.