चंचीतली नावं

पंढरी टेलिफोन खात्यातून मेकॅनिक म्हणून रिटायर झाला त्याला अकरा वर्षं झाली, पण हातातला स्क्रू-ड्रायव्हर काही सुटला नाही. नांदेडात तरोडा नाक्याच्या पुढं त्याचं छोटं घर. बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वरच्या फळीवर एक जुना कॉम्प्युटर चोवीस तास घुंघुं करत असायचा. शेजारी म्हणायचे, म्हाताऱ्यानं पिठाची गिरणी टाकली. पंढरी त्याला सर्व्हर म्हणायचा. त्यात अकराशे चाळीस गाणी होती, आणि घरातल्या टीव्हीवर, मोबाईलवर, कुठंही ती लावता यायची.

ही गाणी सिनेमातली नव्हेत. मुखेडच्या एक्स्चेंजवर असताना, शहाऐंशी साली, त्यानं टेपरेकॉर्डर घेतला आणि आपल्या गावातल्या बायकांची गाणी भरायला लागला. जयंतीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, पाळणे. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेल्या बायका विहाराच्या ओट्यावर गोल करून बसायच्या आणि हा पठ्ठ्या मधोमध टेप ठेवून कॅसेटच्या चाकांकडं बघत बसायचा. लाइट गेली की सेल टाकायचा. सेल उतरायला आले की टेप हळू फिरायची आणि नंतर ऐकताना सगळ्या बायकांचे आवाज पोरींसारखे बारीक यायचे. गाणं कोण म्हणतंय याकडं त्याचं लक्ष नसायचं. तो मशीन सांभाळत होता. माणसं ओळखायचं काम बायकोचं, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

बायको म्हणजे धुरपताबाई. लॉकडाऊनमध्ये पंढरीनं सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवल्या तेव्हा ती शेजारी पालक निवडत बसायची आणि एकेक आवाज ऐकून नाव सांगायची. पहिल्याच दिवशी दोघांचं वाजलं. सासरी आलेल्या बाईला आपल्याकडं नावानं कोण हाक मारतो? माहेरच्या गावावरून हाक. धुरपताबाई स्वतः चाळीस वर्षं गावात कंधारवाली होती. पंढरीनं पहिल्या गाण्यापुढं सवयीनं टाइप केलं, ‘जांबवाली’.

धुरपताबाईनं पालकाची जुडी खाली टाकली. “आवं, जांबात काय ती एकलीच बाई हाय का? नाव लिवा. सुभद्राबाई. फोटू न्हाई, सातबारा न्हाई, कुठं नाव न्हाई त्या बायांचं. आवाज तेवढा ऱ्हायलाय, त्यालाबी गावाचंच नाव देता व्हय?”

पंढरीनं खोडलं. पुढं वर्षभर ती नावं सांगत गेली आणि तो टाइप करत गेला. बासष्ट बायका. नाव, माहेर, सासर, कुठलं गाणं कुठल्या साली, आणि मागं साथीची झील कुणी धरली तेसुद्धा. त्यातल्या बहुतेक तोवर मेलेल्या होत्या.

आता इथं त्यानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. सुरुवातीला त्यानं गाण्यांच्या फाइलींना मराठी नावं दिली होती, तर दुसऱ्या मशीनवर त्यांचे नुसते चौकोन झाले. म्हणून फाइलींना नुसते नंबर दिले, एक ते अकराशे चाळीस, आणि नावं सगळी सर्व्हरच्या लायब्ररीत, म्हणजे गाण्यांच्या यादीत, भरली. गाणी एका डिस्कवर, नावं दुसरीवर, जिच्यावर सगळी सिस्टिम होती. पण पंढरी खात्यात मुरलेला माणूस. दर रविवारी तो लायब्ररीची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढायचा आणि पेन ड्राइव्ह धुरपताबाईकडं द्यायचा. ती तो चंचीच्या आतल्या कप्प्यात ठेवायची. पानतंबाखूची ती कापडी चंची म्हणजे त्या घराची तिजोरीच होती. कपाटाची किल्ली, आधार कार्ड, पोराच्या पहिल्या दातापर्यंत सगळं तिच्यात. पेन ड्राइव्हला कायम काताचा वास यायचा. पंढरीनं त्या चंचीत कधी हात घातला नाही. मागायचं, तिनं काढून द्यायचं, अशी रीत होती.

मागच्या पावसाळ्यात धुरपताबाई गेली. तापाचं निमित्त, चार दिवसांत खेळ खलास. अंत्ययात्रेला गावाकडच्या बाया आल्या होत्या. निघायच्या वेळी पंढरीनं उशाखालची चंची उचलली आणि तिच्या हाताखाली ठेवली. हिच्याविना ती दोन पावलं चालत नव्हती. एका बाईनं विचारलं, आत काय हाय बघायचं का? पंढरी म्हणाला, “बायकूच्या चंचीत म्या जलमात हात घातला न्हाई, आता घालू?” बायांनी डोळ्याला पदर लावला. चंची तिच्यासोबत गेली.

ती गेल्यापासून रविवारची प्रत काढणं बंदच पडलं होतं. आठ महिन्यांनी मुलगा आला. अश्वजित हैदराबादला कंपनीत आहे. जुनी सिस्टिम नव्या टीव्हीशी बोलेना म्हणून तो म्हणाला, “पप्पा, अपग्रेड करावं लागंल. लायब्ररीचा बॅकअप हाय ना?”

“हाय की,” पंढरी म्हणाला. खोटं बोलला नाही. चाळीस वर्षं घरातली कुठलीही वस्तू कुठं आहे याचं उत्तर एकच होतं, आणि ते उत्तर अजून मेलं नव्हतं.

सिस्टिम नवी झाली. गाणी होती तशी होती, एकूण एक. फक्त प्रत्येकाच्या पुढं एकच ओळ आली, अकराशे चाळीस वेळा. ‘अज्ञात कलाकार’.

“काय न्हाई होत, बॅकअप द्या,” अश्वजित म्हणाला.

पंढरी उठला, आतल्या खोलीत गेला. ट्रंक उघडली. लुगड्यांची चळत बाजूला केली. गादी उचलली, उशीचा अभ्रा झटकला. मग तो उशी हातात धरून तसाच उभा राहिला. बराच वेळ झाला म्हणून अश्वजित दारात आला.

“तुझ्या आईच्या चंचीत हाय,” पंढरी म्हणाला.

अश्वजितला कळायला क्षण लागला. बाप त्याच्याकडं बघेना. पोरगा काही बोलला असता, रागावला असता, तर बरं झालं असतं. पण तो गुणी पोरगा, गुपचूप कॉम्प्युटरपुढं जाऊन बसला. दोन दिवस त्यानं जुनी डिस्क खरवडून काढली. नव्या सिस्टिमनं नेमकं नावांच्या जागेवरच बिऱ्हाड मांडलं होतं. तीन अर्धवट शब्द निघाले, त्यातला एक ‘बाई’ होता. सुट्टी संपली, तो गेला.

पंढरीचं आता एकच चाललं होतं. स्मृतिदिन चार महिन्यांवर आला होता. त्या दिवशी धुरपताबाईचं गाणं तिच्या नावानिशी लावायचं, आणि इतरही जेवढ्यांची नावं मिळतील तेवढी परत भरायची. तो रोज गाणी ऐकत बसला. लाज वाटायची ती एकाच गोष्टीची, की बायकोचा तरणेपणीचा आवाज त्याला ओळखू येत नव्हता. शेवटी चारशे सतरा नंबरची एक ओवी त्यानं धरली. बारीक, कापरा, काळजाला हात घालणारा आवाज. हीच ती. महिनाभर तो सकाळच्या चहाबरोबर चारशे सतरा लावायचा आणि पोटभर रडायचा.

खात्री करायला म्हणून तो मुखेडची एसटी धरून गावी गेला. त्या बायकांतली एकच उरली होती, त्याच्या चुलतभावाची बायको भीमाबाई. ऐंशी पार केलेल्या, नजर गेलेली, कान मात्र शाबूत. पंढरीनं वही उघडली आणि मोबाईलवर गाणं लावलं.

“बाऱ्हाळीवाली,” भीमाबाई लगेच म्हणाल्या. दुसरं लावलं. “मुक्रमाबादवाली. हिरीत पडून गेली ती.”

पंढरीचा जीव भांड्यात पडला. “नाव काय तिचं, वैनी?”

“नाव?” भीमाबाई हसल्या. “मुक्रमाबादवालीच की.”

“आन् पोरंबाळं?”

“गेली पुण्याकडं. कोण इचारतंय.”

पन्नास गाणी झाली. सुभद्राबाईचं नाव त्याचं त्यालाच आठवलं, ते भांडण झालं होतं म्हणून. बाकी वहीत नुसती गावं उतरली. शेवटी त्यानं चारशे सतरा लावलं आणि स्वतःच म्हणाला, “ही आमची.”

भीमाबाईंनी मान हलवली. “न्हाई भावजी. ही पेठवडजवाली. बाळंतपणात गेली पोरगी, ईस वर्साची होती का न्हाई.”

पंढरीनं वही मिटली. महिनाभर तो परक्या बाईसाठी रडत होता.

“कंधारवाली मागं हाय बघा,” भीमाबाई कान लावून म्हणाल्या. “झील धरलीया ती. तुमी टेप घिऊन बसला की ती लाजायची, पुढं न्हाई यायची. तुमी नसला की मग म्हणायची. काय म्हणायची, सांगू!”

म्हणजे अकराशे चाळीस गाण्यांत तिचं एकही नव्हतं. लायब्ररीतल्या झीलच्या रकान्यात ती स्वतःचं नाव सांगायची तेव्हा पंढरीला वाटायचं, तिनं पुढं होऊन म्हटलेली गाणीही कुठं तरी असतीलच.

“पेठवडजवालीचं नाव आठवलं तर कळवा, वैनी.”

“आठवाया ठावं तर पायजे. आमी सगळ्या गावानंच हाक मारायचो. नावं एकट्या कंधारवालीलाच ठाऊक. नवी सून आली की ती पयलं नाव इचारायची.”

स्मृतिदिनाला त्रिशरण झालं, पंचशील झालं. बापानं सांगितलं तसं अश्वजितनं टीव्हीवर चारशे सतरा लावलं. बायाबापड्या डोळे पुसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, काय गोड गळा होता धुरपताबाईचा.

पंढरी उठून उभा राहिला. गप्प राहिला असता तर कुणाला कळलं नसतं, पण धुरपताबाईनं त्याला सोडलं नसतं.

“हा गळा तिचा न्हाई,” तो म्हणाला. “ही दुसरी बाई हाय. हिचं नाव माझ्या घरात लिवलेलं होतं. ते म्या माझ्या हातानं जाळलं.” त्यानं टीव्हीकडं बोट केलं. “आमची मागं हाय. बारीक येतंय.”

त्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. सगळे कान देऊन बसले, पण पंख्याच्या आवाजात मागचं काही ऐकू येईना. अश्वजितनं उठून पंखा बंद केला.