कुंकू लावलेल्या कोंबड्या

सासरे गेल्यावर सासूबाई पेठ तालुक्यातल्या घरात एकट्याच राहत होत्या. नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशिकला आमच्या मागच्या अंगणात पाच कोंबड्या होत्या आणि घरात एक खोली रिकामी. बायकोने बरेच महिने आग्रह केल्यावर सासूबाई एसटीने आल्या. सोबत पाटीत पाय बांधलेल्या दोन पांढऱ्या कोंबड्या.

"ह्या रमल्या तर मी राहीन," त्यांनी उंबऱ्यातच सांगितलं. "नाय रमल्या तर आम्ही तिघी परत जाऊ."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आईला ठेवून घ्यायचं काम माझ्यावर आलं होतं.

परक्या कोंबड्या थेट कळपात सोडायच्या नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. मानमोडीचा रोग आला तर सातही जातील. म्हणून महिनाभर त्या दोघी गच्चीवर, वेगळ्या खुराड्यात. आधी जुन्यांना दाणे टाकायचे, मग वर जायचं, आणि खाली आलं की हातपाय धुवायचे.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "आम्ही नव्या सुनेलाबी इतकं लांब नाय ठेवत."

"सुना टोचत नाहीत," मी म्हणालो.

"तुमच्या आईला इचारा."

मग दोघींना अंगणात आणलं, पण मध्ये जाळी. एकमेकींना बघता यावं, चोच मात्र पोचू नये. आमची एक जाड तांबडी कोंबडी कळपाची मुकादम होती. ती जाळीपाशी मान फुगवून उभी राहायची. पुढे तिला त्याचाही कंटाळा आला, तेव्हा एका रविवारी सकाळी जाळी काढायचं मी ठरवलं.

अंगणाच्या दोन टोकांना पाणी ठेवलं. मार बसलेलीला लपता यावं म्हणून भिंतीला एक फळी तिरकी लावली. सगळ्यांच्या चोची गुंतून राहाव्यात म्हणून मेथीची जुडी टांगत होतो, तेवढ्यात मागून सासूबाईंचा आवाज आला.

"कुंकू लाव गं त्यांना. मी लावायची नाय. लेकीच्या घरी अशाच कशा शिरायच्या?"

मी जुडी बांधून वळेपर्यंत बायकोने दोघींच्या मानेवर ठसठशीत कुंकू लावून जाळी उघडलीही होती. लाल दिसलं की कोंबडी टोचते. तांबडी सरळ त्या कुंकवावर धावली. पहिली टोच बसते न बसते, तोच सासूबाईंनी दोघींना काखेत उचललं. त्या आधीपासूनच वाकून उभ्या होत्या.

"बघितलं? नाय जमत. मी पिशवी भरते."

"आई, मी घाईत विसरले, पण लाल दिसलं की टोचतात, हे तुला माहीत नाही?" बायको म्हणाली.

"मला माहीत हाय. जावयाला माहीत हाय का, ते बघत होते."

"तुला राहायचंच नाहीये," बायको म्हणाली आणि आत निघून गेली.

सासूबाई पदराने कुंकू पुसू लागल्या. ते निघेना. मग ओला फडका आणून त्यांनी एकेक पीस पुसलं. जखम नव्हती. जाळी त्यांनी स्वतःच परत लावली. पिशवी काही भरली नाही.

पुढच्या रविवारी जाळी काढली तीही त्यांनीच. तांबडीने दोघींना एकेकदा टोचून आपला मान वसूल केला आणि ती मेथीकडे वळली. नव्या दोघी फळीमागे गेल्या, बाहेर आल्या, लांबच्या भांड्यातलं पाणी प्यायल्या. संध्याकाळी सातही जणी एकाच खुराड्यात शिरल्या.

सासूबाईंनी दार लावलं.

"जावईबापू, पेठला जाऊन भाकरीसाठी माझी नागलीची गोणी आणा. तुमच्या घरच्या चपात्या मला नाय पुरायच्या."

"किती किलोची आहे?"

"उचलाल तवा कळंल."