टाचेखालची कोय

पुल्शेरी बिलोआ सफूचं फळ खाते तेव्हा कोय लांब थुंकत नाही. पायाशी टाकते आणि उजव्या टाचेने मातीत दाबते. बोलता बोलता दाबते, भांडता भांडता दाबते. नवऱ्याच्या मयताच्या दिवशी कुणीतरी तिच्या हातात सफू आणि भाजलेलं केळं ठेवलं, तर रडत रडतसुद्धा तिने कोय दाबलीच. मी तेव्हाच म्हणाले होते, "बाई, तुझी ही टाच एक दिवस तुला गोत्यात आणणार." मी म्हणते ते सहसा खरं होतं, आणि त्याचा मला काडीचाही आनंद होत नाही.

मी क्लोतिल्द. पुल्शेरी आणि मी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. आमच्या कुळात लग्न होऊन आलेल्या सगळ्याच एकमेकींच्या जावा, पण बाकीच्या नुसत्या नावाच्या. हिच्यासाठी मात्र माझा जीव तुटतो, आणि तोंडही हिच्यावरच जास्त सुटतं.

तिच्या घरामागे सफूचं झाड आहे. त्याची कोय तिने माहेरच्या रानातून आणली होती. तिथे ही झाडं कुणी लावलेली नाहीत. हत्तींनी आणि पाखरांनी लावली असतील. खड्डा पुल्शेरीने खणला, ओढ्यावरून पाणी तिने वाहिलं, बकऱ्यांपासून रोप तिने राखलं. पण लावायच्या दिवशी नवऱ्याला, फिर्मँला, झोपेतून उठवून आणावं लागलं. आमच्याकडे बाईने भुईमूग लावावा, कसावा लावावा, मका लावावा, कुणी काही म्हणत नाही. झाडाला मात्र पुरुषाचा हात लागतो. ज्याच्या हातचं झाड त्याची जमीन. माणूस मरतो, झाड मागे साक्षीला उभं राहतं. तर फिर्मँ आला, त्याने जांभई देत रोपाला हात लावला आणि परत जाऊन झोपला. झाड झालं त्याचं.

आणि झाड तरी कसं निघावं! गावात सफूची झाडं ढीगभर आहेत. काहींना नुसता फुलोरा येतो, काहींचं फळ असं आंबट की दात आंबतात. पुल्शेरीचं फळ मात्र सगळ्यांत सरस. गडद जांभळं, आतला गर हिरवट, लोण्यासारखा. गरम राखेत जरा सरकवलं, मीठ लावलं, सोबत कसाव्याची उकडलेली कांडी असली की आमची पोरं मांसाकडे बघत नाहीत. हंगामात ओबालाच्या बाजारातल्या बायका टोपल्या घेऊन तिच्या दारात बसतात. खोडाचा डिंक जाळायला, पाला जखमेवर बांधायला अर्धं गाव तिच्याकडे जातं.

फिर्मँ गेला आणि त्याचा धाकटा भाऊ झाकारी त्या अंगणाचा मालक झाला. दिराने भावजयीला "बायको" म्हणून हाक मारायची, ही आमच्याकडची जुनी थट्टा. फिर्मँ असताना झाकारी हाक मारायचा तेव्हा सगळे हसायचे. फिर्मँ गेल्यावर तो तेच म्हणायचा, पण हसायचा नाही.

"बायको, आज काय शिजवलंस?"

"तुझ्या बायकोला विचार. ती तिकडे चुलीपाशी आहे."

"दोन बायका असल्या तर चुली दोन होतात, एवढंच."

तिने त्याला दाद दिली नाही. त्याने तिला हाकललंही नाही. हाकलेल कशाला? झाडाची देखभाल ती करत होती, बाजारच्या बायका तिच्या तोंडाकडे बघून येत होत्या. रोज संध्याकाळी तो तिच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचा. ती कुठे गेली, कुणाशी बोलली, कधी परतली, सगळं विचारायचा. एकदा मी तिला म्हटलं, निघून जा. तर तो ओट्यावरूनच बोलला, "जाऊ दे की. दार उघडं आहे. झाड तेवढं इथं राहील."

तिला तिथून निघायचं होतं. दोन मुली, दोघी लग्न होऊन लांब गेलेल्या, मुलगा नाही. माहेरी भाऊ होता. पण रिकाम्या हाताने माहेरी जाणं म्हणजे भावजयीच्या चुलीवरचं आश्रितपण. तिला तिचं झाड न्यायचं होतं, आणि झाड काही डोक्यावर घेऊन जाता येत नाही.

तेवढ्यात आमच्या बायकांच्या गटात शेतीखात्याची एक मुलगी गुटी कलम शिकवायला आली. फांदीची साल अंगठीसारखी सोलायची, तिथे कुजलेला ओला भुसा लावायचा, वर प्लास्टिक, दोन्ही टोकं गोळीच्या कागदासारखी पिळून बांधायची. चार-पाच महिन्यांत आत मुळं फुटतात. फांदी कापली की तीच फांदी नवं झाड, अगदी आईसारखं. कोयीचा जुगार नाही, आणि फळही दोन-तीन वर्षांत.

बाकीच्या बायका माना डोलावून घरी गेल्या. पुल्शेरीने पावसाच्या सुरुवातीलाच झाडाला सहा गुट्या बांधल्या.

झाकारी खाली उभा राहून बघत होता. "काय गं, झाडाला पट्ट्या कशाला? आजारी पडलं का?"

"हो. तू रोज समोर बसतोस, दृष्ट लागली."

मी हसून हसून बेजार झाले. पण तो खुळा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने कुणाला तरी विचारलं असणार, कारण संध्याकाळी तो फार गोड बोलला. "बायको, सहा झाडं होणार म्हणे. घरामागची जमीन रिकामीच आहे. लाव सगळी. सहा काय, साठ लाव. हात लावायला मी येईन."

तेव्हा तिचं तोंड उतरलं. लावलेलं प्रत्येक झाड त्याचं होणार आणि तिला आणखी घट्ट बांधणार, हे तिला मी सांगायची गरज नव्हती.

ऑगस्टमध्ये भुईमुगाची दुसरी पेरणी आली. भाऊ आन्सेल्मने निरोप धाडला होता, ये, ओढ्याकडचं शेत तुला देतो, कर काय करायचं ते. आम्ही दोघी गेलो. आन्सेल्म मऊ माणूस. बोलताना डोळे पायावर. बहिणीला बघून तो खराच आनंदला. जेवण झाल्यावर पुल्शेरीने विचारलं, "आन्सेल्म, मी कायमची आले तर?"

"ये ना ताई. घर बांधू तुला. शेत आहेच."

"सोबत सहा झाडं आणीन. सफूची."

त्याचे डोळे पुन्हा पायावर गेले. त्याची बायको एर्मिन भांडी घासत होती, ती थांबली.

"ताई," तो म्हणाला, "कसावा लाव. केळी लाव. हवं तेवढं लाव. झाड नको."

"माझ्या बापाची जमीन आहे ती."

"म्हणूनच तर. झाड उभं राहिलं की उद्या तुझे जावई येतील, म्हणतील आमच्या सासूची जमीन. मी भाऊ आहे तुझा, मला भांडण लावून जाऊ नकोस."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तरी तिने तोंड मिटून ते मान्य केलं. आपण रात्री झोपताना दारात झाकारी नसेल, तर बिनझाडाचंही चालेल, असं ती मला म्हणाली. आम्ही शेत पेरलं. दुपारी शेताच्या कडेला पडलेल्या ओंडक्यावर बसायचो. शेतात चूल कुठली! टोपलीतली पिकलेली सफू उन्हात मऊ पडायची, तशीच खायचो. गप्पा मारायचो. खरंच सुखाचे दिवस होते ते, आता आठवलं की वाईट वाटतं.

पेरणी उरकून आम्ही परत आलो. भुईमूग काढला की ती सामान उचलणार होती, असं ठरलं.

खुरपणीला पुन्हा गेलो तर अंगणात पुरुष बसलेले. आन्सेल्म, त्याचे दोन चुलते, आणि एर्मिन उभी. कुणी पाणी विचारलं नाही. आन्सेल्म आम्हाला सरळ शेताकडे घेऊन गेला आणि ओंडक्याजवळ थांबला.

ओंडक्याच्या समोर सफूची रोपं उगवली होती. कोवळी, लालसर पानांची, ताठ. आणि सगळी एका ओळीत, कारण ओंडका सरळ आणि त्यावर आम्ही रोज सरकत बसत होतो. ओंडका होता शेताच्या बांधावर. बांधावर ओळीने झाडं लावणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पुरुष जमिनीवर हक्क सांगतात तो असाच.

"हे मी लावलं नाही," पुल्शेरी म्हणाली.

"मग भुताने लावलं?" एर्मिन म्हणाली.

"कोया आहेत. खाल्लेल्या फळांच्या."

"खाल्लेल्या!" एर्मिनने कमरेवर हात ठेवले. "ताई, खायचं फळ माणूस राखेत घालतं. राखेतली कोय उगवते का कधी? तुमच्या गावाला उगवत असेल. ही न भाजलेल्या फळाची कोय आहे, घरून जपून आणलेली. आणि बघा तरी, कशी खोचलीय! वरून पडलेली कोय मातीत इतकी आत जाते?"

मी तोंड उघडलं. म्हटलं, हिला सवय आहे, ती टाचेने दाबते, आयुष्यभर दाबते, आमच्या गावात कुणालाही विचारा. म्हातारा चुलता माझ्याकडे बघून म्हणाला, "म्हणजे दाबली, हे तू सांगतेस."

मला वाटलं जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

पुल्शेरी खाली वाकली आणि तिने स्वतःच्या हाताने एकेक रोप उपटलं. मुळासकट, हळू, तुटू न देता. आन्सेल्मच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या पाण्याचा काय उपयोग? शेवटी चुलत्यांनी निकाल दिला. तिने यावं. भाऊ आहे, हाकलत नाही. पण येण्याआधी पुरुषांच्या बैठकीत बापाच्या थडग्यावर हात ठेवून शपथ घ्यावी, की या जमिनीत ती झाड लावणार नाही, आणलेलं झाड, कोय, फांदी काही आत आणणार नाही.

"घेते की," मीच आधी म्हणाले. "बाई, घेऊन टाक. शपथेनं काय अंगाला भोकं पडतात?"

"घरी जाऊन येते," ती म्हणाली. "गुट्यांचं बघून येते."

घरी येऊन बघते तर गुट्या भरल्या होत्या. प्लास्टिकमधून मुळं दिसत होती, पांढरी, जाड. भुसा संपला म्हणून ती आतल्या आत गोल फिरत होती, प्लास्टिकला तोंडं लावत होती. आता फांद्या कापून मातीत गेल्या नाहीत तर कोरड्या महिन्यांत सगळं वाळून जाणार. मी गावातल्या बाकी जावांना विचारून पाहिलं, कुणी घ्या म्हणून. प्रत्येकीचं तेच: नवऱ्याला विचारते. नवरे म्हणाले, झाकारीच्या झाडाची फांदी माझ्या अंगणात? उद्या तो अंगण मागायला येईल.

"सोड वाळायला," मी तिला म्हणाले. "सहा फांद्या आहेत, सहा पोरं नाहीत. शपथ घे आणि सूट."

तिने मान हलवली. मला वाटलं, पटलं तिला. त्या दिवशी तिने भांडी बांधली, कपड्यांचं बोचकं बांधलं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

सकाळी निरोप द्यायला गेले तर बोचकं ओट्यावर होतं आणि पुल्शेरी घरामागे खड्डे खणत होती. कापलेल्या फांद्या ओल्या गोणपाटावर निजवलेल्या. प्लास्टिक सोडलेलं, मुळं उघडी.

"काय चालवलंयस?" मी ओरडले.

"बघ ना यांच्याकडे."

"बघितलं! आन्सेल्म वाट बघतोय."

"कापायला गेले होते, म्हटलं कापून टाकून देते, म्हणजे मन अडकायचं नाही. हातात आल्यावर टाकता येईना गं, क्लोतिल्द. जिवंत आहेत."

मग तिनेच झाकारीला हाक मारली. ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. तो रविवारचा सदरा घालून आला. एकेका खड्ड्याशी वाकला, एकेका रोपाला दोन बोटं लावली, आणि प्रत्येक वेळी तिच्याकडे बघितलं. शेवटचं झाल्यावर हात झटकून म्हणाला, "शहाणी झालीस, बायको." या वेळी तिने उत्तर दिलं नाही. तो ओट्यावर गेला. तिथलं बोचकं उचलून त्याने घरात ठेवलं आणि आपली खुर्ची त्या जागी ओढली.

मला तिचा इतका राग आला की रडू फुटलं. "तू स्वतःच्या हाताने कोंडून घेतलंस," मी म्हणाले. "कळतंय का तुला?"

"कळतंय," ती म्हणाली. ती एका रोपाभोवतीची माती हाताने थापत होती. "पण आता लगेच कसं जायचं? कोरड्या महिन्यांत यांना रोज पाणी लागेल. तो घालणार आहे थोडाच? एवढा एक हंगाम जाऊ दे. जीव धरू दे यांना. मग निघते मी."

कोरडा हंगाम आमच्याकडे दरवर्षी येतो. ते मी तिला सांगितलं नाही. ती रिकामी बादली घेऊन ओढ्याकडे निघाली, तेव्हा दुसरी मी उचलली आणि तिच्या मागे गेले.