साहेबाचं आखूड पायांचं कुत्रं

मंडळी, हात अजून ठणकतोय.

रेल्वेच्या गोऱ्या साहेबाने विलायतेला जाताना आपलं आखूड पायांचं कुत्रं कोरीट गावी आमच्याकडे सोडलं. आज सकाळी गुरं कपाशीत घुसली, तसं ते धावत गेलं आणि एकेका गाईच्या मागच्या खुरांना तोंड घालू लागलं.

"पिसाळेल शे, मारी टाका," म्हणत काकांनी काठी उगारली. मी हात मध्ये घातला आणि तडाखा मनगटावर बसला.

"काका, एकबी गायले दात लागना नही. देखा तं खरं, ते गुरं हाकली ऱ्हायनं."

गुरं निमूट वाटेवर परतली होती. काका बघतच राहिले. तेवढ्यात कुत्र्याने मागून येऊन त्यांच्याही टाचेला नाक लावलं, तसे काका काठी टाकून गुरांमध्ये शिरले.

सांगा मंडळी, पिसाळलं कोण होतं?