बटणासाठी थांबलेले विमान

उमरेडहून सकाळी सव्वासातच्या एसटीने आम्ही निघालो, मी आणि माझे सासरे. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. मी त्यांना मामाजी म्हणतो. लष्करी विमानांचे मेकॅनिक म्हणून त्यांनी एकतीस वर्षे काढली. नागपूरबाहेरच्या ज्या धावपट्टीवर ती नोकरी झाली, तिथे आता विमानांचे संग्रहालय आहे.

नागपूरला उतरून तर्रीपोहे (वरून तिखट लाल रस्सा ओतलेले पोहे) खाल्ले. मामाजींनी दोन प्लेट, मी एक. पाणी मात्र मीच जास्त प्यायलो.

संग्रहालयात सात विमाने आहेत. एकाच्या पंखांची लांबी फलकावर नऊ मीटर होती; पावलांनी मोजली, बरोबर निघाली. मामाजी फलक वाचतच नव्हते. चौथ्या विमानाच्या पोटावर त्यांनी थाप मारली. "याचं इंजिन म्या अकरा वेळा उतरवलं."

हे ऐकून तिथली मार्गदर्शक वैशाली शिडी घेऊन आली. "बसा आजोबा, तुमच्यासाठी उघडते."

वैमानिकाच्या खुर्चीत मामाजी मनसोक्त बसले. खाली उतरले आणि हात सदऱ्यावर गेला. तिसरे बटण नव्हते.

"अंदर पडलं. जावईबापू, मी आता येत नाही."

काम संपले की हत्यारे मोजायची, एक पाना कमी भरला तरी विमान सोडायचे नाही, असा त्यांचा नियम. सुटी वस्तू आत अडकली तर वैमानिक जिवानिशी जातो.

"आजोबा, हे विमान आता कुठं उडून राहिलं?" वैशाली हसली.

"उडो का न उडो. माह्या हातून आजवर काही आत राहिलं नाही."

"घरीच तुटलं असन तं?"

"जावयाले विचार. ते सगळंच मोजतात."

बटणे मी मोजली नव्हती. वैशालीचा टॉर्च घेऊन चढलो आणि खुर्चीखाली डोके घातले. खिशातला चष्मा आत घरंगळला.

"आता दोन झाले!" खालून मामाजी ओरडले. वैशालीला हसू आवरेना.

चष्म्यासाठी पायाने दाबायच्या पट्टीमागे हात घातला, तर चष्म्याआधी बटणच बोटांना लागले, मागोमाग चष्मा.

मामाजींनी ते तळहातावर ठेवून निरखले. मग विमानासमोर ताठ उभे राहून अंगठा वर केला. "सोडा!" वैशालीने कडक सलाम ठोकला.

या शोधात पन्नास मिनिटे गेली, बस चुकली. थांब्यावर मामाजी भेटेल त्याला उघडा सदरा दाखवून हकिगत सांगत होते.

साती विमानांची वजने, वेग फलकांवरून उतरवून आणले आहेत. मागेल त्याला देईन. पण स्वतः तपासून एवढेच सांगू शकतो, की चौथे विमान आतून स्वच्छ आहे. त्यात कोणाचेही काही राहिलेले नाही.